अग्निबाण मोठा करताना

शेरभर तांदळाचा भात एका घटकेत शिजतो, म्हणून दहा शेर तांदळाला दहा घटका जाळ घालणारा आचारी पंक्तीच्या कामाला पुन्हा बोलावला जात नाही. वस्तू मोठी केली की तिचे सगळेच गुण एकाच पटीने वाढत नाहीत, ही गोष्ट आचारी, सुतार आणि शिंपी अनुभवाने जाणतात. शास्त्रज्ञांना ती नियमाच्या रूपात मांडावी लागली. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या मोठ्या ग्रंथात हा विचार केला आहे. मोठ्या प्राण्याचे हाड लहान प्राण्याच्या हाडापेक्षा नुसते लांब असून भागत नाही, ते त्या मानाने कितीतरी जाड असावे लागते, असे त्याने दाखवून दिले. लांबी दुप्पट झाली की पृष्ठभाग चौपट होतो आणि वजन आठपट. आजच्या विषयाचे सारे मर्म या तीन आकड्यांत आहे.

विषय आहे खेळातल्या अग्निबाणाचा. पुठ्ठ्याच्या नळीचा, हलक्या लाकडाच्या पंखांचा, हातभर उंचीचा अग्निबाण मुले उडवतात. तोच अग्निबाण तिप्पट, पाचपट, दसपट मोठा करून स्वतःच्या हातांनी घडवावा आणि उडवावा, असा एक छंद अमेरिकेत गेली कित्येक वर्षे चालू आहे. प्रथमदर्शनी ही गोष्ट रिकाम्या माणसाची वाटेल. परंतु तिचा इतिहास पाहू लागलो म्हणजे ध्यानात येते की, तरुणांच्या हाती धोक्याची विद्या द्यावी की न द्यावी, आणि द्यायची तर कशी, या प्रश्नाचे एका समाजाने शोधलेले उत्तर त्यात आहे. म्हणून हा विषय आम्ही आपल्यापुढे मांडत आहोत.

अग्निबाण मोठा करण्याची खटपट आपल्या देशाला नवी नाही. पेशवाईतल्या पत्रांतून लढाईच्या हत्यारांत 'बाण' हा शब्द येतो, तो धनुष्याच्या बाणाबद्दल नव्हे, दारूच्या बाणाबद्दल येतो. हैदर आणि टिपू यांच्या कारागिरांनी या बाणाला लोखंडी नळी दिली. कागदाच्या किंवा वेळूच्या नळीत दारू फार ठासली तर नळीच फुटते. लोखंडाच्या नळीत अधिक दारू मावते, अधिक दाब सोसला जातो आणि बाण दूर जातो. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांनी या बाणांचा प्रताप पाहिला. पुढे हेच बाण विलायतेत नेले गेले, आणि विल्यम काँग्रेव्ह याने ते अभ्यासून आपले बाण बनवले. मोठे करायचे तर आधी नळी बदलावी लागते, हा पहिला धडा श्रीरंगपट्टणच्या कारखान्यांतून मिळाला होता.

आता अमेरिकेकडे वळू. १६ मार्च १९२६ रोजी रॉबर्ट गॉडर्ड यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑबर्न गावी द्रवरूप इंधनाचा पहिला अग्निबाण उडवला. तो अडीच सेकंद हवेत होता आणि ४१ फूट उंच गेला. जर्मनीत हौशी लोकांनी १९२७ साली मंडळ स्थापले. तेथेच १९३० साली मॅक्स व्हालिअर हा धडाडीचा प्रयोगकर्ता यंत्राच्या स्फोटात मरण पावला. घरच्या घरी किंवा परसात अग्निबाणाचे यंत्र बनवणे म्हणजे बाँबशी खेळणे होय, हे तेव्हापासून उघड होते. तरीही ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेतल्या गावोगावच्या मुलांना अग्निबाणाने झपाटले. मुले लोखंडी नळ्यांत मिळेल ते रसायन ठासू लागली. कुणाची बोटे गेली, कुणाचे डोळे गेले, काही जिवालाही मुकले.

त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियातल्या कोलवुड या कोळशाच्या खाणीच्या गावात होमर हिकम नावाच्या मुलाने मित्रांच्या साह्याने पहिला अग्निबाण उडवला. त्याने आईच्या फुलबागेचे कुंपण उडाले. परंतु ही मुले हटली नाहीत. गणित शिकली, खाणीच्या कारखान्यातल्या कारागिरांकडून तोट्या कातून घेतल्या, एकामागून एक मोठे अग्निबाण बनवले. १९६० साली त्यांना राष्ट्रीय विज्ञान जत्रेत पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी त्यांचा शेवटचा अग्निबाण ३०,००० फुटांच्या वर गेला आणि पुढे हिकम अमेरिकेच्या अंतराळ संस्थेत अभियंता झाले. या कथेचे पुस्तक १९९८ साली निघाले आणि १९९९ साली चित्रपटही झाला. कथा सुंदर आहे. तथापि ती यशस्वी झालेल्या मुलांची कथा आहे, हे विसरून चालणार नाही. ज्यांचे नळकांडे हातात फुटले त्यांचा चित्रपट निघाला नाही.

या गोंधळातून वाट काढली ती नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावच्या एका जोड्यांच्या दुकानदाराने. ऑर्व्हिल कार्लाइल हे त्यांचे नाव. त्यांना शोभेच्या दारूचा नाद होता आणि परवानाही होता. त्यांचे बंधू रॉबर्ट विमानांच्या प्रतिकृती करीत आणि विमानविद्येवर व्याख्याने देत. त्या व्याख्यानांत दाखवण्यासाठी १९५४ साली दोघा बंधूंनी एक छोटा अग्निबाण तयार केला. नळी कागदाची, पंख हलक्या लाकडाचे, आणि मुख्य म्हणजे यंत्र वेगळे. बोटाएवढ्या कागदी नळकांड्यात ठासलेली दारू जळून संपली की काही क्षण नुसता धूर निघतो. तेवढ्यात अग्निबाण आपल्या वेगाने माथ्यावर पोचतो. मग एक छोटा बार उलट दिशेने उडतो आणि पॅराशूट बाहेर फेकतो. नळकांडे बदलले की तोच अग्निबाण पुन्हा उडतो.

जानेवारी १९५७ मध्ये कार्लाइल यांनी याचे नमुने न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे काम करणारे जी. हॅरी स्टाइन यांना पाठवले. स्टाइन यांनी तरुणांच्या या धोकादायक प्रयोगांविषयी लेख लिहिले होते. त्यांनी नमुने उडवून पाहिले, आणि मोठ्या क्षेपणास्त्रांच्या मैदानावर जी शिस्त पाळतात तीच या खेळण्याला लावली. वात पेटवायची ती विजेच्या तारेने आणि लांबून. उलटी मोजणी करायची. आकाश मोकळे आहे का पाहायचे. धातूची नळी वापरायची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, यंत्र स्वतः बनवायचे नाही, कारखान्याचे घ्यायचे. त्याच वर्षी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९५८ साली डेन्व्हर येथील व्हर्नन एस्टेस यांनी ही नळकांडी बनवणारे यंत्र तयार केले व त्याला 'मेबल' असे लाडके नाव दिले. दर साडेपाच सेकंदांना एक नळकांडे त्यातून बाहेर पडे. दारू ठासण्याचे काम माणसाच्या हातातून यंत्राकडे गेले आणि हा खेळ शाळांतून सुरू झाला.

यावर एक आक्षेप घेतला जातो. रसायनाचे काम काढून घेतले म्हणजे अर्धे शास्त्रच काढून घेतले, असे काही जण म्हणतात. कोलवुडच्या मुलांनी इंधन स्वतः बनवले म्हणून ती शिकली, असा त्यांचा दाखला. आक्षेपात तथ्य आहे. परंतु उरलेले अर्धे शास्त्र किती मोठे आहे, हे ज्याने अग्निबाण मोठा करून पाहिला त्यालाच कळते. ते आता थोडे हिशेबाने पाहू.

एस्टेस यांच्या कारखान्याचा 'बिग बर्था' नावाचा एक जुना आणि लोकप्रिय अग्निबाण आहे. उंची दोन फूट, जाडी दीड इंचाहून थोडी अधिक, वजन सुमारे ६० ग्रॅम. तो तिप्पट करायचा आहे असे समजू. उंची सहा फूट होईल, जाडी पाच इंचांच्या जवळ जाईल, पंखांचे क्षेत्रफळ नऊपट होईल आणि वजन, साहित्य तेच ठेवून सगळीच जाडी तिप्पट केली तर, सत्तावीस पट, म्हणजे दीड किलोच्या वर. तेवढ्याच वेगाने तो वर फेकायचा तर सत्तावीस पट आवेग हवा. अग्निबाणांच्या यंत्रांची प्रतवारी इंग्रजी अक्षरांनी करतात. 'ए' म्हणजे जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद, 'बी' म्हणजे पाच, 'सी' म्हणजे दहा, असे प्रत्येक पायरीला दुप्पट. लहान बर्था 'सी' वर उडते. दहाचे सत्तावीस पट म्हणजे दोनशे सत्तर, आणि हा आकडा 'एच' या अक्षरात पडतो. गंमत अशी की 'जी' पर्यंतची यंत्रे हा खेळ समजला जातो. 'एच' पासून पुढे परीक्षा दिल्यावाचून अग्निबाण उडवता येत नाही. नुसते तिप्पट करताच आपण खेळाच्या अंगणातून बाहेर पडलो.

मोठेपणाचे लाभही आहेत. हवेचा अडथळा पृष्ठभागावर अवलंबून असतो, म्हणून तो नऊपट झाला. वजन मात्र सत्तावीस पट झाले. म्हणजे वजनाच्या मानाने अडथळा एक तृतीयांश उरला. त्यामुळे त्याच वेगाने सुटलेला मोठा अग्निबाण लहान भावापेक्षा उंच जातो. पिसापेक्षा दगड दूर जातो तसेच हे आहे.

परंतु वर गेलेले खाली येते, आणि तेथे हिशेब उलटतो. पॅराशूटही तिप्पट व्यासाचे केले तर त्याचे क्षेत्रफळ नऊपट होते, त्याला लटकलेले वजन मात्र सत्तावीस पट. म्हणून उतरण्याचा वेग पावणेदोन पटींच्या घरात जातो आणि जमिनीवरचा आघात एक्याऐंशी पट होतो. लहान बर्थेचे पॅराशूट दीड फुटाचे असते. मोठीला तितक्याच हळुवारपणे उतरवायचे तर साडेचार फुटांचे पॅराशूट पुरत नाही, जवळजवळ आठ फुटांचे लागते. ज्याने नुसता तिनाने गुणाकार केला त्याचा अग्निबाण पहिल्याच दिवशी मोडतो.

तीच गोष्ट तोलाची. अग्निबाण सरळ जाण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य पुढे, टोकाकडे, आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे, पंखांकडे असावा लागतो. दोहोंत निदान अग्निबाणाच्या जाडीइतके अंतर असावे, असा कारागिरांचा आडाखा आहे. आकार सर्व बाजूंनी सारखा वाढवला तर दाबमध्य आपल्या जागी राहतो. पण मोठे यंत्र शेपटीत बसवले की गुरुत्वमध्य मागे सरकतो. मग टोकात शिसे भरावे लागते, शिसे भरले की वजन वाढते, वजन वाढले की यंत्र मोठे लागते. हे रहाटगाडगे कोठे थांबवायचे, हे ठरवण्यातच कौशल्य आहे. पूर्वी अग्निबाणाला दोरी बांधून डोक्याभोवती फिरवीत आणि तो सरळ राहतो का पाहत. १९६६ साली जेम्स बॅरोमन यांनी दाबमध्य कागदावर काढण्याची सोपी रीत हौशी मंडळींपुढे मांडली. मोठ्या अग्निबाणाला दोरी बांधून कोण फिरवणार? त्याला गणितच हवे.

साहित्यही बदलते. लहान अग्निबाणाचे हलके बाल्सा लाकूड मोठ्याच्या वेगाला टिकत नाही. वाऱ्यात पताका फडफडावी तसे पंख थरथरू लागतात आणि तुटून जातात. तेथे प्लायवूड किंवा काचतंतूंचा थर लागतो. ठासलेली दारूही फार मोठ्या वडीत चालत नाही, तिला तडे जातात आणि तडा गेलेली वडी एकदम पेट घेते. म्हणून मोठ्या यंत्रांत रबरासारख्या पदार्थात क्षाराची पूड मिसळून केलेले इंधन वापरतात. श्रीरंगपट्टणच्या कारागिरांना नळी बदलावी लागली होती. येथे नळी, पंख, इंधन, पॅराशूट सगळेच बदलले. मूळ वस्तूचे काय उरले? उरला तो आकार आणि उरली ती ओळख. पाहणारा दुरून म्हणतो, "ही तर बर्था!" आणि करणाऱ्याला माहीत असते की आतली एकही गोष्ट जुनी नाही.

खऱ्या अग्निबाणांच्या इतिहासातही हेच दिसते. फॉन ब्राउन यांच्या मंडळींना १९६० च्या सुमारास मोठा सॅटर्न हवा होता, तेव्हा त्यांनी मोठी टाकी घडवण्यात वेळ न घालवता जुन्या रेडस्टोन अग्निबाणाच्या मापाच्या आठ टाक्या ज्युपिटरच्या मापाच्या एका टाकीभोवती मोळीसारख्या बांधल्या. तो सॅटर्न ऑक्टोबर १९६१ मध्ये उडाला. पुढे चंद्राकडे जाणाऱ्या सॅटर्न-५ साठी मात्र यंत्रच मोठे करावे लागले, आणि त्या प्रचंड भट्टीतली ज्वाळा डचमळू लागली. लहान यंत्रात न दिसलेला दोष मोठ्यात प्रकटला. भट्टीत मुद्दाम छोटे स्फोट करून ज्वाळा पुन्हा शांत होते का, हे अभियंत्यांनी वारंवार तपासले, तेव्हा कोठे ते यंत्र वश झाले.

याच सॅटर्न-५ ची एक दशांश प्रतिकृती ओहायोतील स्टीव्ह ईव्हज यांनी घडवली. हे गृहस्थ व्यवसायाने मोटारगाड्यांचे सांगाडे दुरुस्त करणारे कारागीर. मूळ सॅटर्न ३६३ फूट उंच होता, ही प्रतिकृती ३६ फुटांची, म्हणजे तीन मजली घराएवढी. वजन ७४८ किलो. घनाच्या नियमाने एक दशांश प्रतिकृतीचे वजन मुळाच्या एक हजारांश, म्हणजे २,८०० किलोंच्या आसपास भरायला हवे होते. ते पाव हिश्श्याच्या जवळ भरले, कारण मूळ सॅटर्नच्या वजनात बहुतेक भाग इंधनाचा होता. एका मोठ्या 'पी' यंत्राभोवती आठ 'एन' यंत्रे बसवली होती. सर्वांचा मिळून आवेग १,८१,००० न्यूटन-सेकंद, म्हणजे शाळकरी मुलांच्या 'ए' यंत्रांसारखी सुमारे बहात्तर हजार यंत्रे. २५ एप्रिल २००९ रोजी मेरीलँडमधील प्राइस गावच्या एका शेतातून ती सुटली, ४,४४० फूट उंच गेली आणि पॅराशूटच्या साह्याने सुखरूप खाली आली. त्या वर्षी माणूस चंद्रावर उतरल्याला चाळीस वर्षे होत होती.

या उड्डाणाच्या महिनाभरच आधी एक वेगळी घटना घडली होती. मोठ्या यंत्रांतले इंधन स्फोटक आहे, असे अमेरिकेच्या स्फोटकांच्या केंद्रीय खात्याचे म्हणणे होते, आणि म्हणून परवाने व कोठारे यांचे नियम हौशी लोकांना लागू होत होते. २००० साली दोन संघटनांनी खात्यावर दावा लावला. आमचे इंधन जळते, स्फोट पावत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. २००६ साली वरिष्ठ न्यायालयाने खात्याने दिलेली कारणे अपुरी ठरवली, आणि मार्च २००९ मध्ये निकाल संघटनांच्या बाजूने लागला. नऊ वर्षे हौशी माणसे न्यायालयात ज्वलनाचा वेग मोजण्याविषयी वाद घालीत होती. त्यांच्या पाठीशी आणखी एक बळ होते. सरकारने सांगण्याची वाट न पाहता त्यांनी स्वतःवर नियम घालून घेतले होते. 'एच' व 'आय' साठी अग्निबाण उडवून शाबूत परत आणून दाखवायचा. 'जे' ते 'एल' साठी लेखी परीक्षाही द्यायची. 'एम' पासून पुढे, बांधण्याच्या आधीच आराखडा अनुभवी माणसांपुढे ठेवायचा. जो स्वतःला आवर घालतो त्याला स्वातंत्र्य मागण्याचा अधिकार पोचतो, असे आम्हांला या दाव्याकडे पाहून वाटते.

आपल्याकडेही अग्निबाण लहानाचा मोठा करण्याचीच वाट धरली गेली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावातून पहिला अग्निबाण उडाला, तो अमेरिकेचा होता. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९६७ मध्ये, आपला रोहिणी-७५ उडाला. नावातला आकडा जाडीचा, ७५ मिलिमीटर, मनगटापेक्षा किंचित जाड. मग १००, १२५, २००, ३००, ५६० अशा जाडीचे रोहिणी झाले. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जाडी साडेसातपट वाढली, आणि घनाचा नियम लावला तर पसारा चारशे पटींच्या वर जातो. आपले डॉ. वसंत गोवारीकर १९६७ साली तेथे रुजू झाले, आणि त्यांचे मुख्य काम घनरूप इंधनाचेच होते. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, त्याचे चारही टप्पे घनरूप इंधनाचे होते. मनगटाएवढ्या नळीत जे शिकले ते मीटरभर जाडीच्या नळीत जसेच्या तसे लागू पडत नाही, हे ओळखून प्रत्येक पायरीवर नवे इंधन, नवे कवच आणि नवे प्रयोग करावे लागले.

आपल्या गावातही एखादा मुलगा किंवा मुलगी दिवाळीच्या बाणाकडे पाहून 'याहून मोठा का नाही?' असे विचारील. त्या प्रश्नाला 'गप्प बस' हे उत्तर नव्हे, आणि 'घे, कर' हेही नव्हे. दारूच्या नळकांड्याला हात लावू न देता त्याच्या पुढ्यात कागद आणि पेन्सिल ठेवावी, आणि तिप्पट केल्यावर वजन किती होईल, पॅराशूट किती लागेल, तोल कोठे जाईल, हे काढावयास सांगावे. कोलवुडच्या मुलांना गणिताची वाट कुंपण उडाल्यानंतर सापडली. आपल्या मुलांना ती आधी दाखवणे वडीलधाऱ्यांच्या हाती आहे.